गोड्या पाण्यातील कोपेपोड आणि त्यांची ओळख

इंदूरचा सिरपूर तलाव व गंभीर नदीवरील यशवंतसागर यांना २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. अशा जलाशयांतील पक्षी व मासे सर्वांच्या परिचयाचे असतात. परंतु माशांच्या पिलांचे अन्न असलेले कोपेपोड हे सूक्ष्म कवचधारी जीव सहसा दृष्टीस पडत नाहीत. त्यांची लांबी बहुधा अर्धा ते दोन मिलिमीटर असते.

गोड्या पाण्यात मुक्तपणे राहणाऱ्या कोपेपोडांचे तीन प्रमुख गट आहेत. कॅलॅनॉइड गटात पहिल्या शृंगिका जवळजवळ शरीराइतक्या लांब असतात. नराची केवळ उजवी शृंगिका मादीस पकडण्यासाठी बिजागरीसारखी वाकते. सायक्लॉपॉइड गटात शृंगिका आखूड असतात, नराच्या दोन्ही शृंगिका वाकतात आणि मादीच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडपिशवी लोंबते. हार्पॅक्टिकॉइड जीव बारीक व लांबट असून त्यांच्या शृंगिका अत्यंत आखूड असतात. ते बहुतांशी तळाशी वावरतात.

गट ओळखणे सोपे असले, तरी जाती ओळखण्यास सूक्ष्मदर्शक आवश्यक ठरतो. कॅलॅनॉइडांमध्ये नराच्या पाचव्या पायांची रचना निर्णायक असते. सायक्लॉपॉइडांमध्ये मादीचा पाचवा पाय, शुक्रग्राहिका आणि शेपटीच्या दोन शाखांवरील केस तपासले जातात. उदाहरणार्थ, मेसोसायक्लॉप्स व थर्मोसायक्लॉप्स या प्रजाती दिसण्यात सारख्या असतात. परंतु पाचव्या पायावरील काटा पहिल्या प्रजातीत शेवटच्या खंडाच्या आतल्या कडेच्या मध्यभागी, तर दुसऱ्या प्रजातीत टोकाशी असतो. ही लक्षणे प्रौढ जीवांतच पूर्ण विकसित होतात. म्हणून अपूर्ण वाढीच्या जीवावरून जातीचा निर्णय करू नये.

हे ज्ञान केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. अलेक्सेई फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने १८७० मध्ये नारूच्या जंताचे डिंभ सायक्लॉप्सच्या शरीरात वाढतात, हे दाखविले. असे पाणी न गाळता प्यायल्यास सुमारे वर्षभराने जंत त्वचेतून बाहेर येतो. रुग्ण पायविहिरीत उतरला की जंताचे डिंभ पुन्हा पाण्यात मिसळतात. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही राज्येही या रोगाने ग्रस्त होती. पाणी कापडाने गाळणे, पायविहिरींच्या पायऱ्या बंद करणे आणि औषधाने सायक्लॉप्स मारणे या उपायांनी रोगाची साखळी तुटली. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

सायक्लॉप्स मात्र आजही तलावांत आहे; त्याचा समूळ नाश इष्टही नाही. मेसोसायक्लॉप्सच्या काही जाती डासांच्या अळ्या खातात आणि व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या डासांविरुद्ध त्यांचा उपयोग करण्यात आला. शिक्षकांनी दाट विणीच्या कापडी जाळीने तलावातील पाणी गाळून विद्यार्थ्यांना भिंगाखाली शृंगिका व अंडपिशव्या दाखवाव्यात. पिण्याचे पाणी गाळावे असे का सांगितले जाते, हे त्यांना प्रत्यक्ष पाहून समजेल.