खेळयंत्रांचे डोळे – भाग ४ : समोरचा हात किती लांब आहे?

मागच्या भागात निन्टेन्डोचा वी पाहिला. त्यात इन्फ्रारेड कॅमेरा खेळाडूच्या हातातल्या रिमोटमध्येच असतो आणि टीव्हीजवळची पट्टी नुसता प्रकाश देते. या भागातल्या यंत्रांचे कॅमेरे मात्र टीव्हीपाशी बसून खेळाडूकडे पाहतात: सोनीचा आयटॉय (२००३), मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आणि सोनीचाच मूव्ह (दोन्ही २०१०). पिक्सेल मोजून त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. किनेक्टचा रंगीत कॅमेरा आणि मूव्हसाठी लागणारा प्लेस्टेशन आय, दोघांचंही चित्र ६४० बाय ४८०चंच. खरा प्रश्न अंतराचा आहे. समोरचा हात किती लांब आहे, हे यंत्राला कळतं कसं?

आयटॉयला ते कळतच नव्हतं. प्लेस्टेशन २ला जोडायचा हा साधा कॅमेरा. आधीच्या आणि आत्ताच्या चित्रात कुठे बदल झाला, एवढंच तो कन्सोलला पाहू देई. त्यामुळे काचा पुसण्याचा ‘विशी वॉशी’सारखा खेळ त्यावर झकास चाले, कारण तिथे हात हलला की काम झालं. पण मागे पडदा हलला तरी ती हालचालच ठरे, आणि स्तब्ध उभा माणूस त्याच्या लेखी नसल्यासारखाच. उजेड कमी पडला की कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा.

किनेक्टने उजेडाची अडचण मुळातूनच काढली. त्याच्या मागे प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं तंत्र होतं. यंत्रातून डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके खोलीभर पडतात. त्यांची मांडणी यंत्राला आधीच पाठ असते. ठिपके टाकणारा भाग आणि ते पाहणारा कॅमेरा यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर असल्याने वस्तू जवळ-लांब असेल तसा ठिपका कॅमेऱ्याला थोडा सरकलेला दिसतो. त्या सरकण्यावरून अंतर निघतं, अंधारातसुद्धा. मात्र खिडकीतून थेट ऊन आलं की त्यातल्या इन्फ्रारेडपुढे ठिपके बुजून जातात.

पण अंतर कळलं म्हणजे माणूस कळला असं नाही. हे काम केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी केलं, आणि मला या सगळ्या कथेत तेच सर्वांत देखणं वाटतं. त्यांनी शरीराचे ३१ भाग पाडले आणि चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्रपणे विचारलं: तू कोणत्या भागाचा? उत्तर देणारा प्रोग्रॅम उंच, बुटक्या, जाड, बारीक देहांच्या संगणकाने बनवलेल्या लाखो चित्रांवर शिकवलेला होता. प्रत्येक फ्रेमचा निर्णय नव्याने होत असल्याने खेळाडू क्षणभर कुणाच्या आड गेला तरी परतताच पुन्हा ओळखला जाई. हातात काहीही न धरता २० सांधे पडद्यावर हलू लागले.

तरीही नेमकेपणात मी मूव्हला वरचढ मानतो. त्याच्या दांड्याच्या टोकाला रंगीत उजळणारा गोळा आहे. गोळा कुठूनही पाहा, वर्तुळच दिसतो. त्याचा खरा आकार ठाऊक असल्याने वर्तुळ किती लहान दिसतं यावरून अंतर काढता येतं. दांडा कोणत्या बाजूला कलला, हे आतले जायरोस्कोप सांगतात. शिवाय त्याला बटणं आहेत. किनेक्टमध्ये हात हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जाणवण्याइतका उशीर होई, बोटं तर त्याला ओळखूच येत नसत. नेमबाजीत हे मारक ठरतं. ‘डान्स सेंट्रल’ या नाचाच्या गेममध्ये मात्र खपून जातं, कारण पुढचं पाऊल कोणत्या ठेक्यावर पडायचं हे गेमला आधीच माहीत असतं आणि तपासणी किंचित मागून झाली तरी चालतं. किनेक्टला नाचाचेच गेम सर्वांत शोभले ते यामुळे.

जागेची अडचण वेगळीच. किनेक्टला एका खेळाडूसाठी साधारण सहा फूट मोकळं अंतर हवं, दोघांसाठी आठ. मुंबईच्या वन-बीएचकेत सोफा हलवल्याशिवाय ते जमत नाही.

पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट गेले. २०१३चा दुसरा किनेक्ट ठिपके सोडून प्रकाशाला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजू लागला आणि २५ सांधे ओळखू लागला. पण त्याच्यासह मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन कन्सोल ४९९ डॉलरला पडे, तर सोनीचा प्लेस्टेशन ४ ३९९ला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने किनेक्टशिवाय कन्सोल विकायला काढला आणि २०१७मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबवलं. मूव्हचा गोळेवाला दांडा मात्र २०१६मध्ये प्लेस्टेशन व्हीआरसोबत पुन्हा कामाला आला. तिथे खेळाडूच्या डोक्यावरच्या हेडसेटलाही तसेच दिवे लावावे लागले. ते कशासाठी, हे पुढच्या भागात पाहू.