गिटारचा हंबकर बदलताना काय पाहावे?

इलेक्ट्रिक गिटार हा या पानाचा नेहमीचा विषय नव्हे. परंतु रेडिओ, अँप्लिफायर आणि मोटार वाइंडिंगची कामे करणाऱ्या कारागीर बांधवांकडे तरुण मुले गिटार घेऊन येतात आणि "यातला पिकअप बदलून द्या" म्हणतात. चांगल्या परदेशी पिकअपची जोडी कित्येकदा त्या मुलाच्या अख्ख्या गिटारइतकी महाग पडते. निवड चुकली तर पैसा मुलाचा जातो आणि नाव कारागिराचे जाते. म्हणून हा माल नीट समजून घेणे जरूर आहे.

तारवाद्यांचे हुन्नर आपल्याकडे नवे नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना माहीत असेलच. सतारीचा आवाज भोपळा आणि जवारी घडवतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तो मोठा वाटा तारांखाली बसवलेल्या पिकअपकडे असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच हा माल. पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उठते आणि अँप्लिफायरकडे जाते. एकाच कॉइलचा पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, ट्यूबलाइटची घुंईही पकडतो. या घुंईला इंग्रजीत 'हम' म्हणतात (उर्दूतल्या 'हम'शी त्याचा काही संबंध नाही). अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅलामाझू येथील गिब्सन कारखान्यात सेथ लव्हर या इंजिनिअरने दोन कॉइल शेजारी ठेवून, दोघींचे चुंबकध्रुव आणि जोडणी उलट करून ही घुंई आपसांत कापून टाकली. तारांचा आवाज मात्र दोन्ही कॉइलमधून बेरीज होऊन येतो. १९५५ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला, १९५७ पासून हा हंबकर गिटारींत बसू लागला आणि १९५९ साली पेटंट मंजूर झाले. दरम्यानच्या मालावर 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी असे. त्यावरून त्या पिकअपना आजही 'पीएएफ' म्हणतात आणि जुन्या खऱ्या नगाला भलतीच किंमत येते.

बदली पिकअपचा स्वतंत्र धंदा १९७०च्या दशकात उभा राहिला. डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' त्यात अगदी पहिल्या मालांपैकी. पुढे सेमूर डंकन आले. आज नावे शेकडो आहेत आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगितला जातो तो एकच आकडा: किती किलोओहम? आठवाला साधा, सोळावाला दमदार, असा हिशेब. आमचे म्हणणे आहे की या एका आकड्यावर हंबकर विकूही नये आणि घेऊही नये.

कारण आमच्या कापडधंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते. ४०चे सूत जाड, ६०चे बारीक. तारेच्या गेजचेही तसेच. पीएएफ पद्धतीचा हंबकर अमेरिकन गेजच्या ४२ नंबर तारेने, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तारेने, दर कॉइलला पाच हजारांच्या आसपास वेढे देऊन भरतात. त्याचे माप साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहम येते. तेवढेच वेढे ४३ नंबरच्या तारेने भरले, तर ओहम सुमारे पाव हिस्सा वाढतात, पण वेढे तेवढेच राहतात. आवाजाचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही. डंकनचा 'जेबी' सोळा किलोओहमच्या वर भरतो आणि सुपर डिस्टॉर्शन चौदाच्या आत, तरी दुसरा पहिल्यापेक्षा मवाळ आहे असे कोणी म्हणणार नाही. कारण त्यात सिरॅमिक चुंबक आहे आणि जेबीत अल्निको-५. थान विकताना नुसता काउंट सांगून भागत नाही. ताणाबाणा, वजन, पन्हा सगळे पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो, एका अंशाला सुमारे ०.४ टक्के. वातानुकूलित दुकानात वीस अंशांवर ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात पस्तीस अंशांच्या वर्कशॉपमध्ये साडेआठच्या जवळ दाखवील. तेवढ्यावरून माल बदलून दिला असे म्हणून भांडण काढू नये.

वाइंडिंगवाल्या बांधवांना इथे खास इशारा. आपल्याकडे मोटारीची तार एसडब्ल्यूजीने विकली जाते. एसडब्ल्यूजीची ४२ नंबर तार ०.१ मिलिमीटरची, म्हणजे पिकअपच्या मानाने दोरखंड. अमेरिकन ४२च्या जवळची तार एसडब्ल्यूजीत ४६ नंबरची आहे. नंबर ऐकून तार आणू नका, मायक्रोमीटर लावा.

आता निवड. गिऱ्हाइकाला आधी विचारावे की सध्याच्या आवाजात कमी काय आहे? "आवाज चांगला नाही" हे उत्तर धरू नये. खर्ज गढूळ वाटतो की चढे सूर कानाला टोचतात? अँप्लिफायर लवकर फाटावा असे वाटते की साफ राहावा? गिटार मुळातच चरचरीत असेल तर अल्निको-२ बरा, तो चढे सूर मऊ करतो. खर्ज घट्ट आणि ठोका स्पष्ट हवा तर अल्निको-५. जोरदार डिस्टॉर्शनचे वादन असेल तर सिरॅमिक. हे ढोबळ आहे, वेढे आणि तार बदलले की फरक पडतो. दुसरे, तार मानेकडे जास्त हलते आणि ब्रिजकडे कमी. म्हणून ब्रिजचा पिकअप सहसा जास्त वेढ्यांचा असतो. मानेकडे जोरदार नग बसवला की आवाज चिखल होतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी गिटार उघडून पाहावी. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लागतात. स्वस्त गिटारीत पुष्कळदा २५०चे असतात आणि त्यांच्यामुळेच चढे सूर दबतात. नुसते पॉट बदलून मूल खूश होऊन गेले, तर ते पुन्हा तुमच्याकडेच येईल. पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून उंची बघा. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. या कामाला पैसे लागत नाहीत.

तरीही नवा घ्यायचाच तर पहिल्या आणि सहाव्या तारेतले अंतर ब्रिजपाशी फूटपट्टीने मोजावे. गिब्सन पद्धतीच्या पिकअपचे खिळे सुमारे ४९ मिलिमीटरमध्ये बसतात, ट्रेमोलो ब्रिजच्या बऱ्याच गिटारींना ५१ ते ५३ची रुंदी लागते. खाचेची खोलीही मोजावी. पिकअपचे पाय लांब निघाले की लाकूड कोरावे लागते आणि कोरलेले लाकूड परत येत नाही. इएमजीसारख्या अॅक्टिव्ह पिकअपला नऊ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओहमचे पॉट लागतात, बॅटरीला जागा आहे की नाही तेही बघावे.

जोडताना रंगांवर विश्वास ठेवू नये. डंकनमध्ये काळी तार गरम, हिरवी अर्थ, लाल आणि पांढरी आपसांत जोडतात. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी अर्थ, काळी आणि पांढरी आपसांत. दोन कंपन्यांचे नग एका गिटारीत बसवले की मधल्या स्विचवर आवाज कधीकधी पातळ, नाकातून आल्यासारखा येतो. ही फेज उलटी झाल्याची खूण. काट्याचा जुना मीटर असेल तर आधीच तपासता येते. पिकअप मीटरला लावा, स्क्रू ड्रायव्हर खिळ्यांवर टेकवून झटकन उचला आणि काटा कुठे जातो ते पाहा. दोन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला गेला पाहिजे. उलटा गेला तर चार तारांच्या पिकअपमध्ये गरम आणि अर्थ यांची अदलाबदल करता येते. जाळीच्या एकाच केबलवाल्या जुन्या पिकअपमध्ये तसे करू नये. त्याची पाठ आणि कव्हर गरम बाजूला येऊन घुंई वाढते.

काम झाल्यावर जुना पिकअप गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावा, गिटारचे नाव आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसकट. गिटार विकायची वेळ आली की मूळ पिकअप सोबत असलेल्या नगाला भाव जास्त येतो.