अधिकमास नसलेले सण

२०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि रमजान ईद ११ एप्रिलला. पुढच्या वर्षी पाडवा ३० मार्चला, ईद ३१ मार्चला. सोबतीला सिंध्यांचं चेटीचंड होतंच. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहणाऱ्याला याचा अर्थ पंचांगात बघावा लागत नाही, तो बाजारात दिसतो. एका हातगाडीवर साखरेच्या गाठी, शेजारी शेवयांच्या भाऱ्या आणि खारकांचे ढीग, पलीकडे सिंध्यांच्या इष्टदैवताच्या, झुलेलालच्या मिरवणुकीसाठी मंडपाच्या कापडाची मोजणी. लष्कराच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे मराठी माणूस आला, उत्तर प्रदेश-बिहारचे मुस्लिम कारागीर आले. शिलाई मशीनच्या आवाजात सगळे एकमेकांचे शेजारी झाले.

हे तीन सण एकत्र आले त्यामागे एकच चंद्रकोर आहे. चेटीचंड म्हणजे चैत्राचा चंद्र. सिंधी माणूस अमावास्येनंतरच्या कोरीला महत्त्व देतो, आणि मुसलमानाचा महिनाही त्याच कोरीने सुरू होतो. लहानपणी मला वाटायचं, ईदची तारीख कुणीतरी मुद्दाम दरवर्षी बदलत असावं. दिवाळी कशी, ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. ईद मात्र कधी परीक्षेच्या उन्हात, कधी गणपतीच्या पावसात. ‘हे लोक इतके सण का करतात आणि ते असे का फिरतात’, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. त्याचं उत्तर शोधायला आधी हे फिरणं समजून घ्यावं लागतं.

बारा चांद्र महिन्यांचं वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं भरतं, सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी तोकडं. आपल्या पंचांगाने ही तूट साचू दिली आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिकमास घालून भरून काढली. त्यामुळे आपले सण ऋतूला धरून राहतात. इस्लामपूर्व अरबांमध्येही महिने पुढे-मागे सरकवण्याची चाल होती. कुराणाने वर्षाचे महिने बाराच सांगितले आणि ही सरकवासरकवी निषिद्ध ठरवली. तेव्हापासून हिजरी वर्षाला अधिकमास नाही. रमजान तेहतीस वर्षांच्या आसपास सगळे ऋतू पालथे घालून पुन्हा जागेवर येतो. बाराव्या वर्षी पहिला रोजा धरलेल्या मुलाने पंचेचाळिशीपर्यंत मे महिन्यातली तहानही सोसलेली असते आणि डिसेंबरचे आखूड दिवसही अनुभवलेले असतात. सोपा उपास कायमचा कुणाच्या वाट्याला येत नाही आणि अवघडही नाही.

दोन वेगवेगळी पंचांगं मधल्या काळात मात्र हातात हात घालून चालतात. दोन अधिकमासांच्या मधे दोघांचीही वर्षं तेवढीच तोकडी असतात. म्हणून आषाढी एकादशी आणि बकरी ईद २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं जवळजवळ एकाच दिवशी आली. बकरी ईदची, म्हणजे जिल्हिज महिन्याची दहावी आणि आषाढ शुद्ध एकादशी तेव्हा शेजारी-शेजारीच पडत होती. २०२३ मध्ये पंढरपूर परिसरातल्या अनेक गावांत मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं ठरवलं होतं. त्याच वर्षी अधिक श्रावण आला, ही जोडी सुटली आणि दुसऱ्या जोड्या जमल्या: पाडव्याजवळ रमजान ईद, अनंत चतुर्दशीजवळ पैगंबर जयंतीची ईद-ए-मिलाद. २८ सप्टेंबर २०२३ ला विसर्जन आणि मिलाद एकाच दिवशी होते, तेव्हा मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला. २०२४ आणि २०२५ मध्येही मुंबईत जुलूस पुढे ढकलले गेले. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर ही सोबतही सुटते.

आता या सणांच्या आत काय आहे ते पाहू. परंपरा सांगते की पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथले लोक वर्षातले दोन दिवस खेळण्या-बागडण्यात घालवत. त्याऐवजी त्यांनी दोन ईद दिल्या. म्हणजे धर्मग्रंथाच्या दृष्टीने सण दोनच, आणि दोन्ही एकेका कष्टाला जोडून येतात: एक महिनाभराच्या रोज्यांनंतर, दुसरा हजच्या काळात. दोन्ही ईदच्या दिवशी रोजा ठेवणं निषिद्ध आहे. त्या दिवशी जेवणं हेच कर्तव्य.

पण जेवणं कर्तव्य असेल तर ज्याच्या घरी चूलच पेटत नाही त्याचं काय? इथे फित्रा येतो. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची. मशिदीत त्या वर्षीचा माणशी दर जाहीर होतो. नमाजानंतर दिलेली रक्कम साधं दान होते, फित्रा राहत नाही. जकात वेगळी: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर हाताशी राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा. जकात संपत्तीवर आहे, फित्रा माणसावर.

कॅम्प चारमधल्या एका कारखान्यात चाँदरातीच्या आदल्या संध्याकाळी बसलो होतो. जीन्सच्या कापलेल्या पायांचे गठ्ठे भिंतीला लावलेले, निळी धूळ सगळीकडे. इफ्तारची वेळ झाली तशी मशीन एकेक करून थांबली. खजूर, कापलेलं कलिंगड आणि भजी एका वर्तमानपत्रावर मांडली गेली. मालक सिंधी, तोही मांडी घालून बसला. पाणी पिऊन झाल्यावर एक मध्यमवयीन कारागीर अंगठा पेरांवरून फिरवत मोजू लागला. मी विचारलं, काय हिशेब चाललाय? म्हणाला, ‘फित्र्याचा, भाऊ. मी, बायको, अम्मी, तीन मुलं.’ मग जरा थांबून, ‘सातवं चार दिवसांचं आहे. त्याचाही द्यायचा.’ चार दिवसांच्या बाळाने रोजा धरलेला नसतो, त्याला शीरखुर्म्यातली शेवई चावताही येत नाही. तरी त्याच्या नावाने कुणाच्या तरी घरी धान्य जातं. या समाजात जन्मलेल्याचा पहिला व्यवहार देण्याचा असतो.

बकरी ईदचंही तसंच. इब्राहीमने ईश्वराच्या आज्ञेवरून मुलाला अर्पण करायची तयारी दाखवली आणि त्याच्या जागी पशू आला, ही तिची कथा. ईश्वरापर्यंत मांस किंवा रक्त नाही, तर माणसाची निष्ठा पोचते, असा कुराणाचा खुलासा आहे. म्हणून मांसाचे तीन वाटे करायची रीत: एक घरचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. तिसरा वाटा दारोदार पोचवायला पोरं पिशव्या घेऊन फिरतात. त्या दिवशीची खरी वर्दळ ती.

मोहरमला मात्र चुकूनही ‘मुबारक’ म्हणू नये. हिजरी ६१ च्या मोहरममध्ये, म्हणजे इसवी सन ६८० साली, करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसैन मारले गेले. शिया त्या दिवशी शोक करतात, अनेक सुन्नी रोजा ठेवतात. महाराष्ट्राने या दुःखाला स्वतःचं रूप दिलं. सांगली जिल्ह्यात कडेगावला गगनचुंबी ताबूत उठतात आणि ते उभारायला हिंदू-मुसलमान दोन्ही हात लागतात.

मिलाद आणि उरूस यांवर मुसलमानांतही एकमत नाही. देवबंदी आणि अहले-हदीस विचारांचे लोक म्हणतात, पैगंबरांनी दोनच ईद दिल्या, बाकीची भर नको. बरेलवी आणि सूफी वळणाचे लोक म्हणतात, प्रेमाला तारखेची परवानगी लागत नाही. उरूस या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. संताचा मृत्यू म्हणजे त्याचं परमेश्वराशी मीलन, म्हणून संदल लावायचा, चादर वाहायची.

आणि इथेच आपल्या भागातलं सर्वांत मोठं कोडं उभं आहे: मलंगगड. कल्याणच्या दक्षिणेला हा सुळका आहे, त्याच्या माचीवर हाजी मलंग बाबांचा दर्गा. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची कथा येते. हाजी अब्दुल रहमान नावाचे अरब फकीर इथे राहिले, नळ राजाने त्यांची परीक्षा घेतली. १७८० मध्ये इंग्रज गडावर चालून आले आणि दोन वर्षांनी निघून गेले. हा बाबांचाच प्रताप मानून पेशव्यांनी कल्याणच्या काशीनाथपंत केतकरांच्या हाती नजराणा पाठवला. केतकर तिथली व्यवस्था पाहू लागले. १८१७ च्या सुमाराला कल्याणच्या मुसलमानांनी त्यावर हरकत घेतली. फैसला चिठ्ठ्या टाकून करायचं ठरलं आणि तिन्ही वेळा कौल केतकरांकडे गेला. दर्ग्याची वहिवाट ब्राह्मण घराण्याकडे राहिली. विसाव्या शतकात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे स्थान निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम चौकटीत बसत नाही, अशी नोंद तिथे झाली. १९८० च्या दशकापासून शिवसेना नेते आनंद दिघे आणि त्यांच्या पक्षाने ही मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचा दावा मांडला, तो अजून गाजतो आहे. त्यामुळे अलीकडे उरुसाला पोलीस बंदोबस्तही असतो.

मला मात्र त्या वादातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. दोन्ही बाजूंचा दिवस एकच आहे: माघी पौर्णिमा. मुस्लिम संताचा उरूस सहसा हिजरी तारखेने भरतो. मलंगबाबांचा मात्र अधिकमास मानणाऱ्या पंचांगाने ठरतो. म्हणून तो दर वर्षी थंडीच्या शेवटाला येतो. भात केव्हाच घरात आलेलं असतं, आदिवासी पाड्यांवरची माणसं मोकळी असतात, गड चढायला ऊन बाधत नाही. डोंगर आणि शेती ज्या कालगणनेने चालतात तीच बाबांनीही घेतली, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे एकाच माणसाच्या वर्षात दोन प्रकारचे सण आहेत. ईद त्याला जगातल्या साऱ्या मुसलमानांशी जोडते, म्हणून ती कोणत्याच प्रदेशाच्या ऋतूला बांधलेली नाही. मलंगचा उरूस त्याला तो जिथे राहतो त्या मातीशी जोडतो, म्हणून तो जागचा हलत नाही. पहिल्यात देणं आहे, दुसऱ्यात मागणं. नवस बोलायला माणूस डोंगर चढतो, हिशेब चुकता करायला मशिदीत जातो.

त्या कारखान्याच्या भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं. निघताना मी कारागिराला विचारलं, ईद नक्की उद्या की परवा? त्याने भिंतीकडे पाहिलंही नाही. दाराबाहेर येऊन पश्चिमेकडे, दोन इमारतींच्या फटीतून मान वर करून म्हणाला, ‘चाँद दिसला की कळेल.’ मग मलंगला कधी जाणार, असं विचारलं. तो आत गेला. पुढच्या माघाचं पान त्या कॅलेंडरात अजून छापलेलंच नव्हतं. तरी त्याने हात पुसून पानं उलटली आणि मागच्या फेब्रुवारीतल्या भरलेल्या चंद्रावर निळं बोट ठेवलं.