विमानमार्गाचे अंतर आणि वेळेचा हिशेब

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील ओतशाळांमधून तयार होणारे यंत्रांचे सुटे भाग परदेशी रवाना होतात. असा अवजड माल बहुधा जहाजाने जातो. व्यवहार ठरविण्यासाठी मात्र माणसाला विमानानेच जावे लागते. अमेरिकेतील खरेदीदाराने भेटीचा दिवस कळविला की अंतर किती आणि तास किती लागतील, हे प्रश्न उभे राहतात. शाळेच्या भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून त्यांची उत्तरे मिळत नाहीत.

नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल. पृथ्वीगोलावर बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को असा दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. शिक्षकांना हा हिशेब वर्गातही मांडता येईल. बंगळूर सुमारे १३ उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून ७७ अंश दूर. सॅन फ्रान्सिस्को साडेसदतीस अक्षांशावर, म्हणजे साडेबावन्न अंश दूर. एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा धरल्यास ध्रुवावरून जाणारा मार्ग सुमारे १४,४०० किलोमीटरांचा होतो. नेमक्या ध्रुवावरून न जाता किंचित बाजूने गेल्यास तो १४,००० पर्यंत उतरतो.

परंतु जवळचा मार्ग तोच लवकर पोहोचविणारा, असे मात्र नाही. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांचा वेग कधी ताशी २०० किलोमीटरांच्याही वर जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे नेले. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरांनी लांबून १५,३०० किलोमीटरांचा झाला, तरीही पाठीशी वारा असल्यामुळे प्रवास सुमारे साडेचौदा तासांत संपला. पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी. इंधनाच्या दृष्टीनेही अंतरापेक्षा हवेत घालविलेला वेळच अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रवाशाला तारखेचाही हिशेब ठेवावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोची वेळ हिवाळ्यात भारतापेक्षा साडेतेरा तासांनी आणि उन्हाळ्यात साडेबारा तासांनी मागे असते. ९ जानेवारी २०२१ रोजी कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली, सर्व वैमानिक महिला असलेले विमान तेथून रात्री साडेआठच्या सुमारास ध्रुवमार्गाने निघाले आणि सुमारे १७ तासांनी बंगळूरला उतरले. तेव्हा येथे ११ तारखेची पहाट होती. तिकिटावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात, हे ध्यानात न घेता पुढील कोल्हापूरची गाडी ठरविणाऱ्याचा एक दिवस चुकतो. दूरध्वनीचेही तसेच. शिरोलीत जानेवारीतील सोमवारी सकाळी दहा वाजता कचेरी उघडते, तेव्हा तिकडे रविवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.