किनाऱ्यावरचा कुरव मूळचा तळ्याचा

थंडी पडली की मुंबईच्या धक्क्यांपासून कोकणातल्या खाड्यांपर्यंत पांढऱ्या-राखाडी पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव आपण समुद्रपक्षी म्हणूनच ओळखतो. त्याची पिसं मात्र वेगळं सांगतात. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिसं बदलतात आणि डोक्यावर कॉफीच्या रंगाचा बुरखा चढतो. हा विणीचा पेहराव. तो पुरता खुलेपर्यंत पक्ष्याची निघायची वेळ झालेली असते, कारण त्याचं घरटं असतं लडाख, तिबेट आणि पामीरच्या पठारांवरच्या तळ्यांकाठी, दलदलीत किंवा बेटांवर. त्यांपैकी लडाखमधलं त्सो मोरिरी हे तळं समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे.

यावर कुणी म्हणेल, वर्षातले सहा-सात महिने जो किनाऱ्यावर काढतो, तो समुद्राचा नाही कसा? शिवाय डोळ्यांच्या वरच्या ग्रंथींतून जादा मीठ बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे आहेच. आक्षेप वाजवी आहे. पण मिठाची ही सोय समुद्रावर निभाव लागतो एवढंच सिद्ध करते, समुद्रावाचून अडतं असं नाही. हाच कुरव हिवाळ्यात समुद्रापासून दूर, उजनीच्या जलाशयावरही सुखाने राहतो. किनाऱ्यावरसुद्धा तो खोल समुद्रात क्वचितच जातो; बंदर, खाडीचं मुख, मासळी उतरवायची जागा, हाच त्याचा वावर. मासे, किडे, टाकलेली आतडी, जे मिळेल ते खातो. मग लोक बोटीवरून फरसाण उधळतात तेव्हा तेही तो झेलतो. तो आवडीने खातो म्हणजे ते त्याला मानवतं, हा समज चुकीचा आहे. तळलेल्या, खारट पिठात माशातली प्रथिनं नाहीत, आणि पुढच्या प्रवासात त्याला हिमालय ओलांडायचा असतो.

म्हणून त्याची काळजी फक्त किनाऱ्यापुरती घेऊन भागत नाही. त्सो मोरिरीला २००२ मध्ये आणि लडाखमधल्याच त्सो कार तळ्याला २०२० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण तिथली मोकाट कुत्री जमिनीवरची घरटी उद्ध्वस्त करतात. पर्यटकांच्या तळांवरचा उघडा कचरा त्या कुत्र्यांना पोसतो. तो आधी थांबायला हवा.