नखांवरचा रंग ईदनंतरही टिकावा म्हणून

चाँदरातीला नखे कापून, घासून, रंगवून आपण बसतो आणि बासी ईदीला पाहावे तर अर्ध्या नखांवरचे पापुद्रे निघालेले. शाळेतला खडू, घरातली भांडी आणि पाच वेळचे वुजू यांतून जाणाऱ्या आमच्यासारख्या बायकांच्या बोटांवर नेलपॉलिश टिकणार तरी कसे? दर वेळी दोष स्वस्त बाटलीचा नसतो. नख पाण्याने फुगते, वाळले की आकसते. वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून कडेने सुटतो. शिवाय त्या थराखाली पाणी पोहोचत नाही, म्हणजे वुजूसाठी तो काढणे आलेच. रोज रिमूव्हर चोळून नखे कोरडी, ठिसूळ होतात ते वेगळेच. पण पंधरा वर्षांच्या मुलीला नुसते 'लावू नकोस' म्हणून भागत नाही. आम्ही तिच्यापुढे मेंदीची वाटी ठेवतो.

मेंदीचा रंग नखावर बसत नाही, नखात उतरतो. पाणी अडवत नाही. कातडीवरची मेंदी आठ-पंधरा दिवसांत फिकी पडते, कारण कातडी झडत राहते. नख मात्र महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. त्यामुळे रंग जातो तो वाढीबरोबर पुढे सरकून, आणि मुळाशी पांढरी कोर दिसली की तेवढ्यावरच पुन्हा ठिपका ठेवला तरी चालते.

आधी नखे कापून कानशीने एकाच दिशेने घासावीत. मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नये. ती जंतूंना आत जाऊ देत नाही. मग हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, तेलकट नखावर रंग चढत नाही. मेंदीची पूड ताजी, हिरवट आणि वस्त्रगाळ हवी. लिंबाच्या रसात घट्ट कालवून, चमचाभर साखर घालून ती सकाळीच झाकून ठेवावी. साखरेने लेप लवकर सुकून गळत नाही. इशाच्या नमाजेनंतर नखांवर जाडसर लावून झोपावे, फजरच्या वुजूआधी सगळा लेप खरवडून काढावा. त्या दिवशी भांडी दुसऱ्या कुणी घासली तर उत्तमच! (आमच्याकडे हे अजून जमलेले नाही.) रंग आधी केशरी दिसतो, एक-दोन दिवसांत गडद होतो. घाबरून दुसरा थर लावू नये.

अर्ध्या तासात काळाभोर रंग देणारा कोन मात्र घरात आणू नये. शुद्ध मेंदी काळी होतच नाही. अशा कोनांत बहुधा केसांच्या डायमधले पीपीडी नावाचे रसायन असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या नणंदेच्या मुलीने असाच एक कोन बाजारातून आणला होता. तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेघांवर फोड उठले, ईदीचे नवे कपडे घालून पोर दवाखान्यात बसली. डॉक्टरांनी बजावले, की ही अॅलर्जी जन्मभर राहू शकते, पुढे केसांचा काळा डायही जपून. तान्ह्या बाळाच्या हातापायांना तर शुद्ध मेंदीही लावू नये; ज्या बाळांत जन्मतः जी-6-पीडी कमी असते, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी तिने फुटू शकतात. दादी-नानींना हे पटवणे कठीण जाते, तरी पटवावे.

ती भाची यंदा सकाळीच आली. पूड स्वतः चाळली, लिंबे स्वतः पिळली आणि दहाही नखे आमच्याकडून रंगवून घेतली.