कड्याच्या कपारीतील शीळकरी

ज्येष्ठ निम्मा सरला, मृगाच्या दोन-चार सरी सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळल्या आणि उन्हाळाभर मुके पडलेले ओहोळ बोलू लागले, म्हणजे माथेरान, भीमाशंकर, महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या रानांत, पुरते उजाडण्याच्याही आधी, एक शीळ ऐकू येऊ लागते. तिला ठरीव चाल नाही. सूर आळसावून चढतात, अवचित घसरतात, मध्येच तुटतात आणि गाणाऱ्याला जणू दुसरेच काही आठवावे तसे भलतीकडे वळतात. इंग्रजांनी या पाखराला ‘शीळ घालणारा शाळकरी पोर’ म्हटले, ते यथार्थच होय. आपल्याकडे तो शीळकरी कस्तूर.

लांबीला सुमारे २५ सेंटिमीटर, दुरून निखळ काळा. पण उन्हाचा कवडसा पडताच कपाळावरची व खांद्यांवरची गडद निळाई झळाळून उठते. नर-मादी दिसायला सारखीच. शास्त्रीय दप्तरात त्याची नोंद ‘मायोफोनस हॉर्सफील्डी’ या नावाने आहे. पूर्वी कस्तुरांच्या कुळात गणला जाणारा हा पक्षी हल्ली माशीमार पक्ष्यांच्या कुळात घातला आहे. शास्त्रज्ञांच्या या फेरफाराची दखल त्याच्या गळ्याने घेतलेली दिसत नाही.

उत्तरेस डांगच्या जंगलांपासून दक्षिणेस केरळपर्यंतचा पश्चिम घाट हा त्याचा खास मुलूख. याखेरीज सातपुड्याच्या रांगांतून तो पूर्वेकडे दूरवर पसरला असून पूर्व घाटातही ठिकठिकाणी आढळतो. या मुलखाची खरी सरहद्द मात्र वाहते पाणी, खडक आणि दाट सावली या तिघांनी आखलेली आहे, आणि म्हणूनच देशावरच्या उघड्या माळावर विणीच्या हंगामात त्याचा शोध घेणे व्यर्थ.

बहुतेक पाखरांची घरटी संततधारेत टिकायची नाहीत. हा मात्र आपला संसार मुख्यतः जून ते सप्टेंबर या धो-धो महिन्यांतच मांडतो. ओढ्याकाठच्या कड्याची अरुंद कपार, क्वचित झाडाची ढोली, आणि कित्येकदा साक्षात धबधब्याच्या पडद्यामागचा ओला कंगोरा ही त्याची आवडती जागा. तेथे शेवाळ, मुळ्या आणि गवत यांचे ओबडधोबड, जाडजूड घरटे रचून त्याच्या खोलगट भागात बारीक मुळ्यांचे अस्तर घातलेले असते, आणि भोवतालच्या शेवाळलेल्या खडकात ते असे काही मिसळून जाते, की हातभर अंतरावर उभ्या माणसालाही उमजू नये. अंडी दोन ते चार. नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात आणि सोळा-सतरा दिवसांत पिले बाहेर येतात. एकदा पसंत पडलेल्या जागेची वहिवाट सहसा सुटत नाही. त्याच कपारीत पुन्हा संसार थाटलेला आढळतो.

या अवघड निवडीमागचा हिशेब चोख आहे. कोसळत्या पाण्याआड साप किंवा रानमांजराचा शिरकाव दुरापास्त, आणि ज्या खेकडे, शंख, बेडूक व गांडुळांवर पिले पोसायची, त्यांची रेलचेल याच दिवसांत. खेकडा सापडला, की त्याला खडकावर आपटून आपटून त्याचे कवच फोडायचे आणि मगच तो घरट्याकडे न्यायचा, ही त्याची रीत. ओढ्याच्या गर्जनेवर मात करण्याइतकी खणखणीत शीळ निसर्गाने त्यालाच का द्यावी, हेही मग कोडे राहत नाही.

या शिळेपायीच पूर्वी कस्तुराची पिले घरट्यातून काढून पिंजऱ्यात वाढवीत व त्यांना चाली शिकवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानपाखरे पकडणे गुन्हा ठरले. आजचा उपद्रव निराळा आहे. ज्या महिन्यांत त्याची अंडी कपारीत असतात, त्याच महिन्यांत वर्षासहलीचे जथे धबधब्याखाली लोटतात. तेव्हा वाचकहो, पाण्यात खुशाल भिजा. पण पडद्यामागच्या कंगोऱ्यावर चढू नका, आणि कर्णे घरीच ठेवा.